खाडीशी भेटू



जानेवारीतली सकाळ, साडेसहाची वेळ. दापोली तालुक्यातल्या केळशी गावात आम्ही १४ जण टॉर्चच्या उजेडात टायर दाबून बघत होतो. पुण्याहून सायकलवर निघाल्याला चौथा दिवस. संध्याकाळपर्यंत गुहागर गाठायचं होतं. अंतर साधारण ७० किलोमीटर. देशावरच्या सपाट रस्त्याला आम्ही एवढं अंतर दुपारच्या जेवणाआधी उरकतो. कोकणात तसं होत नाही.

इथल्या नद्या लांबीला लहान, पण समुद्राला मिळताना रुंद खाड्या करतात. दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्या दगडाचा उंच सडा. गाव खाली, माडा-पोफळींच्या सावलीत. पुढच्या गावाला जायचं तर सडा चढायचा, पलीकडे उतरायचं, आणि उतरलं की पुन्हा चढ. नकाशात हा रस्ता समुद्राला चिकटून चाललेला दिसतो. मांड्यांना मात्र तो घाटाचा वाटतो.

आमच्यात रोज एक जण सगळ्यांच्या मागं राहतो. पंप, पॅच, जादा ट्यूब त्याच्या पिशवीत. कुणालाही मागं टाकून त्यानं पुढं जायचं नाही. त्या दिवशी ते काम माझ्याकडे होतं.

आडे ते पाडले हा तुकडा समुद्राच्या अगदी काठाने जातो. तिथं सगळे एका रांगेत, गप्पा मारत. आंजर्ल्याचा पूल ओलांडून हर्णैला आलो. किनाऱ्यावरून पाण्यातला सुवर्णदुर्ग बघत पोहे खाल्ले. मुरुड, कर्दे मागं पडलं आणि लाडघरकडचा चढ लागला. पुढच्यांनी ओरडून सांगितलं, "आता आपापल्या गतीनं! खाडीशी भेटू!"

हे शब्द मला फार आवडतात. सपाटीवर पुढच्याच्या चाकामागं हातभर अंतर ठेवून राहिलं की वारा तो कापतो आणि मागच्याचे कष्ट चांगलेच वाचतात. तिथं गटात राहण्याचा सरळ फायदा असतो. चढावर वेग ताशी सात-आठ किलोमीटरवर आला की कुणाचा आडोसा कुणाला होत नाही. ज्याचं ओझं त्यानंच वर न्यायचं. एका वळणात गट फुटतो, दुसऱ्या वळणाला पुढचे दिसेनासे होतात.

माझ्यापुढं एक बावीस वर्षांची मुलगी होती, तिची पहिलीच सफर. अर्ध्या चढात ती उतरली आणि सायकल ढकलू लागली.

"दादा, तुम्ही व्हा पुढं. मी येते सावकाश."

"आज मला पुढं जायचंच नाहीये," मी म्हणालो आणि उतरलो. दोघं चालू लागलो. तिचे डोळे भरले होते. मी काही बोललो नाही. सायकल हातात धरून चढ चढणं हेही चढणंच आहे असं मी मनापासून मानतो, पण दमलेल्या माणसाला ते त्या क्षणी ऐकवू नये.

बुरोंडीच्या पुढं तिच्या मागच्या चाकात काटा शिरला. रस्त्याकडेच्या घरातल्या आजींनी न मागता बादलीभर पाणी आणून दिलं. ट्यूब पाण्यात फिरवली, बुडबुडे सापडले, पॅच बसवला. आजी पडवीत बसून सगळं बघत होत्या. त्यांनी विचारलं, "मघाशी गेली ती मंडळी तुमचीच ना? मग थांबली का नाहीत?"

मी तोंड उघडण्याआधी ती मुलगीच म्हणाली, "खाडीशी थांबलेत, आजी."

कोळथरे, पंचनदी करत आम्ही दाभोळला उतरलो तेव्हा तीन वाजत आले होते. बहामनी आणि आदिलशाही काळात इथं परदेशी गलबतं लागत. आता वाशिष्ठीच्या खाडीत फेरीबोट चालते, धोपाव्याला दहा मिनिटांत पोचवते. धक्क्याजवळच्या जुन्या मशिदीच्या सावलीत आमचे १२ जण बसले होते. तासाभरात किती फेऱ्या सुटून गेल्या होत्या, पण एकानंही खाडी ओलांडली नव्हती. आमच्यासाठी शहाळी फोडून ठेवली होती.

बोटीत १४ सायकली एकमेकींना टेकवून उभ्या केल्या. दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो. दक्षिणेला निघालेल्यांच्या तो पाठीशी असतो. खारा, गार वारा सगळ्यांनी डोळे मिटून अंगावर घेतला.

धोपाव्याला उतरलं की समोर लगेच चढ. ती मुलगी सगळ्यांत आधी निघाली, सर्वांत हलका गिअर टाकून. पुढं गुहागरपर्यंत ओलांडायला खाडी नव्हती, म्हणून कुठं थांबायचं ते तिनंच वळून विचारलं.

"व्याडेश्वराच्या देवळाशी!" मागून कुणीतरी ओरडलं.