पोर हलके का जन्मते?
(गावसभेपुढे केलेले भाषण)



हा विषय चावडीवर बोलण्याचा नव्हे, असे काही पुढाऱ्यांचे म्हणणे पडले. पोरे त्यांच्याही घरी जन्मतात, म्हणून आम्ही बोलतो.

जन्मतः अडीच किलोहून कमी भरलेले मूल हलके समजावे, असा वैद्यकाचा नियम आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत वजन झालेल्या दर शंभरांत सुमारे १८ मुले अशी निघाली. अशा पोराला थंडी बाधते, दूध ओढण्याची ताकद नसते. आपण म्हणतो, सटवाईने लिहिले! पण लिहिणारे आपणच आहो.

गर्भारशी जेवते केव्हा? पुरुष जेवले, पोरे जेवली, सासू जेवली, मग टोपल्यात उरली ती भाकर. वर 'जास्त खाशील तर पोर मोठे होऊन अडशील' असे बजावणाऱ्या आयाबाया आहेतच. गाभण म्हशीची पेंड न चुकवणारा शेतकरी सुनेच्या ताटापाशी हिशेब कसा विसरतो? पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गर्भार बायांचा अभ्यास झाला. ज्यांच्या खाण्यात दूध, पालेभाजी, फळे अधिक वेळा आली, त्यांची पोरे अधिक भरली. ज्या कष्टात अधिक राबल्या, त्यांची कमी. दूध डेअरीला खुशाल घाला, पण एक पेला घरात राहू द्या.

मिश्रीही सोडा. बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या बायांची मुले सरासरी १०५ ग्रॅमने हलकी, असे मुंबईच्या २००४ सालच्या अभ्यासात दिसले. लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. शौचास काळे होते म्हणून भिऊन त्या उकिरड्यावर टाकू नका, आणि चहाबरोबर घेऊ नका.

आता आमचा गुन्हा. आमच्या शाळेत शिकलेल्या एका मुलीला गेल्या साली एक किलो आठशे ग्रॅमचे मूल झाले. लग्नात ती १७ वर्षांची होती. कायदा १८ सांगतो. कोवळ्या आईचे स्वतःचेच अंग वाढत असते. पोटातल्या जिवाच्या वाट्याला काय उरणार? तिची जन्मतारीख आमच्या हाताने रजिस्टरात लिहिलेली, रजिस्टर आमच्या कपाटात. आम्ही पंक्तीला बसलो, बुंदी खाल्ली आणि गप्प राहिलो. ते मूल अकरा दिवस जगले.

ते रजिस्टर आज इथे टेबलावर ठेवले आहे. ज्यांच्या घरी यंदा मुलीचे ठरत आहे, त्यांनी तिथी धरण्यापूर्वी तारीख पाहून जावी. जे येणार नाहीत, त्यांच्या ओट्यावर आम्हीच रजिस्टर घेऊन येऊ.