दोनदा भरलेला कर



जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना. त्या मुक्त झालेल्यांच्या नातवंडांना शाळा कशी मिळाली, हा आजचा विषय.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत तेव्हा गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा वेगळ्या. कर दोघांकडून घेत, पैसा मात्र बव्हंशी गोऱ्यांच्या शाळांवर खर्च होई. काळी पोरे चर्चमध्ये नाहीतर गळक्या खोपटात बसत. सगळ्या इयत्ता एकाच खोलीत, खेटून, आणि शिकवायला बहुधा एकच शिक्षक.

टस्कीगी शिक्षणसंस्थेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन आणि शिकागोच्या सीअर्स रोबक कंपनीचे प्रमुख ज्यूलियस रोझेनवाल्ड यांनी यावर मार्ग काढला. आधी अलाबामात सहा शाळा उभ्या केल्या. मग १९३२ पर्यंत पंधरा राज्यांत ४,९७७. रोझेनवाल्ड यांच्या निधीची अट अशी की गावानेही आपला वाटा उचलायचा आणि शाळा सरकारी खात्याच्या नावे करायची. गावकऱ्यांनी जमिनी दिल्या, लाकूड तोडून आणले, सुट्टीच्या दिवशी हातोडे चालवले. कुणी शेताचा एक तुकडा शाळेच्या नावाने राखून त्यात कापूस पेरला. बोलिजी गावच्या सभेत गुलामगिरी भोगलेल्या एका म्हाताऱ्याने जन्मभराची पुंजी, ३८ डॉलर, टेबलावर ओतली.

इमारती साध्याच, पण फार विचाराने बांधलेल्या. वीज नव्हती, म्हणून मोठमोठ्या खिडक्या पूर्वेला किंवा पश्चिमेला, एकाच बाजूस सलग. मुलांना बसवायचे असे की उजेड डाव्या बाजूने यावा आणि लिहिणाऱ्या हाताची सावली कागदावर पडू नये. दोन वर्गांमधली फळ्यांची भिंत सरकवली की गावाच्या सभेला दालन तयार. नागरी हक्कांचे पुढारी जॉन लुईस अशाच एका शाळेत शिकले.

मला हा इतिहास नुसत्या कौतुकाने सांगवत नाही. रोझेनवाल्ड यांच्याकडून सुमारे ४३ लाख डॉलर आले, काळ्या समाजाकडून सुमारे ४७ लाख. म्हणजे जगप्रसिद्ध दात्यापेक्षा कापूस वेचणाऱ्यांनी जास्त दिले. कर भरून झाल्यावर दिले, आणि बांधलेली शाळा ज्यांनी त्यांना डावलले त्याच खात्याच्या हवाली केली. त्या अटीचा उपयोग एवढा झाला की सरकारलाही तिजोरी उघडावी लागली. एकूण खर्चातला मोठा भाग शेवटी तिथूनच आला. पण शाळा वेगळ्याच राहिल्या. वेगळेपणाची ती भिंत कायद्याने पडली १९५४ नंतर, तीही कोर्टकचेऱ्या करून, रस्त्यावर उतरून.

आपल्याकडेही लोकवर्गणीने, श्रमदानाने वर्गखोल्या उठतात. अशा हातांना माझा नमस्कार आहे. पण शिक्षणहक्क कायदा २००९ चा आहे, आणि प्रत्येक शिक्षकामागे निदान एक वर्गखोली हे त्यात लिहिलेले आहे. म्हणून श्रमदानाला जरूर जा; मात्र त्याच आठवड्यात शाळा व्यवस्थापन समितीत बसा, ग्रामसभेत उभे राहा आणि आपल्या शाळेच्या खोलीची मंजुरी कुठे अडली आहे, ते लेखी विचारा.