विहीर खोल करण्याआधी
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



भातकापणी आटोपली की मालवण तालुक्यात कोठेही गेलो तरी एक प्रश्न हमखास कानी येतो : "साहेब, विहीर आणखी खोल करू काय?" बहुतेक वेळा कर्जाची तयारीही झालेली असते. माझे म्हणणे असे की, आधी कागद-पेन्सिल घ्यावी.

समजा, विहिरीखाली आपले ४२ गुंठ्यांचे कुणगे आहेत. त्यातील २ गुंठे घरच्या कुळथाला बाजूला काढू. (एका घरासाठी केलेल्या माझ्या पहिल्या आराखड्यात मी कुळीथ साफ वगळला होता. नफा उत्तम दिसत होता. घरातल्या आजींनी विचारले, "मगे पिठी कसली करूची?")

राहिले ४० गुंठे. पिके दोन, कलिंगड आणि भुईमूग. पुढील आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. आपण आपले घालावेत. कलिंगडापासून गुंठ्याला १,५०० रुपये निव्वळ नफा, पाणी आठवड्याला ४० मिनिटे पंप. भुईमुगापासून १,००० रुपये, पाणी २० मिनिटे. विहीर आठवड्याला १,२०० मिनिटे चालते.

सगळे कलिंगड लावले तर पाणी ३० गुंठ्यांनाच पुरते आणि नफा ४५,००० होतो. सगळा भुईमूग लावला तर ४०,०००. पण २० गुंठे कलिंगड आणि २० गुंठे भुईमूग लावल्यास जमीन आणि पाणी दोन्ही पुरेपूर वापरली जाऊन नफा ५०,००० होतो. कलिंगडाचा नफा गुंठ्याला १,००० ते २,००० यांच्या दरम्यान कोठेही राहिला तरी हाच आराखडा सरस ठरतो.

या पद्धतीला लिनिअर प्रोग्रॅमिंग म्हणतात. मर्यादा जेथे एकमेकींना भिडतात, त्या कोपऱ्यांपैकी एखाद्यावर उत्तम उत्तर सापडते. कोपऱ्याकोपऱ्याने ते शोधण्याची रीत अमेरिकन गणिती जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये बसवली. त्याच वर्षी ७७ खाद्यपदार्थांतून सर्वांत स्वस्त पोषक आहार काढून तिची परीक्षा झाली. पुढे १९५० नंतरच्या काळात डँट्झिग यांनी स्वतःचे वजन उतरवण्यासाठी संगणकाकडून आहार मागितला, तर त्यात ५०० गॅलन व्हिनेगर निघाले! गणित बरोबर होते. व्हिनेगरमध्ये पाण्याचा अंश शून्य अशी नोंद होती आणि कोणी किती प्यावे याची मर्यादा घातलेली नव्हती. माझ्या कुळथाचे तेच झाले होते.

आता आपल्याकडची आणखी एक मर्यादा घालू. कलिंगडे एकदम तयार होतात आणि ओळखीचा व्यापारी १५ गुंठ्यांपेक्षा जास्त माल उचलत नाही. मग कलिंगड १५, भुईमूग २५, नफा ४७,५००. पाणी लागले १,१०० मिनिटे, म्हणजे १०० मिनिटे शिल्लकच राहिली. अशा शेतकऱ्याने कर्ज काढून विहीर खोल केली तर या हंगामात त्याच्या पदरी एक रुपयाही जादा पडणार नाही. ५ गुंठ्यांच्या मालाला दुसरे गिऱ्हाईक मिळाले तर मात्र २,५०० रुपये वाढतील. काढणीच्या मजुरांचा हिशेबही असाच मांडता येतो.

खाडीकाठचे गणित याहून नाजूक आहे. कर्ली, कोळंब, कालावल या खाड्यांलगत जमिनीतले गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. जादा उपसा केला किंवा तळ आणखी खाली नेला की खालचे खारे पाणी वर चढते. तेथे पंप किती वेळ चालतो याला महत्त्व नाही; पाणी मचूळ होण्याआधी किती मिनिटे मिळतात, तीच खरी मर्यादा धरावी. ती १,००० मिनिटे असेल तर कलिंगड १०, भुईमूग ३०, नफा ४५,०००. येथे पाणी खरोखरच अपुरे आहे, तरीही खोदाई हा त्यावर उपाय नव्हे. भाताच्या पेंढ्याचे आच्छादन किंवा ठिबक वापरून गुंठ्यामागची मिनिटे कमी करावीत आणि गणित पुन्हा मांडावे.

एप्रिल-मे महिन्यांत पंप सुरू करताना एक आणि बंद करताना एक, असे पाण्याचे दोन नमुने स्वच्छ बाटल्यांत घ्यावेत. बाटल्यांवर वेळ लिहून माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत क्षार तपासून घ्यावेत. ते आकडे हाती आले की विहिरीचे बोलू.