शेवटचा कोण?



आमचे नाना पैठण रोडवरच्या बिडकीनला रेशनचं दुकान चालवायचे. त्यामुळं परगावी गेल्यावर लोक देवळं बघतात, किल्ले बघतात, माझी नजर मात्र आधी तराजूकडं जाते. २०१९च्या फेब्रुवारीत लेकीबरोबर हवानाला गेलो, क्युबाच्या राजधानीत, तेव्हाही तेच झालं. लेक टोरँटोला असते. तिच्या दारात गुडघाभर बर्फ होता, आणि विमानानं चार तासांवर हवाना, जिथं पैठण रोडला दिवाळीत असते तशी हवा. तिनं विचारलं, "बाबा, जायचं का?" मी स्वेटर काढूनच उत्तर दिलं.

क्युबा मला माहीत होता तो अरुण साधूंच्या ‘फिडेल, चे आणि क्रांती’ या पुस्तकातून. कॉलेजात असताना ते एकानं वाचून दुसऱ्याला द्यायचं असा रिवाज होता. त्यातले डोंगर, दाढीवाले तरुण, बंदुका हे सगळं डोक्यात होतं. पण मुक्कामाच्या घरातून सकाळी बाहेर पडलो आणि कोपऱ्यावर पहिलं काय दिसलं, तर रेशनचं दुकान!

त्याला तिकडं बोदेगा म्हणतात. उंच छत, रंग उडालेल्या भिंती, लाकडी काउंटर, मागं बहुतेक रिकामी फडताळं. भिंतीवर काळा फळा आणि त्यावर खडूनं लिहिलेलं: तांदूळ इतका, साखर इतकी, तेल आलेलं नाही. आमच्या दुकानात भावफलक आणि साठाफलक असायचा, तो रोज सकाळी लिहिण्याचं काम माझ्याकडं होतं. अक्षर सोडलं तर काही फरक नव्हता.

प्रत्येक घराला एक पातळ वही असते, तिचं नाव लिब्रेता. ही पद्धत सुरू झाली १९६२ साली. माझाही जन्म त्याच सालचा. तेव्हा माणशी महिन्याला साधारण ७ पौंड तांदूळ, म्हणजे सव्वातीन किलोच्या आत-बाहेर. अमेरिकेशी साठ वर्षांचं वैर, पण माप पौंडच! शिवाय साखर, काळ्या घेवड्याचे दाणे, थोडं तेल, काही अंडी. ७ वर्षांखालच्या लेकराला दूध. रोज माणशी एक पाव, ८० ग्रॅमचा. कॉफीही मिळायची, पण तिच्यात भाजलेले वाटाणे दळून मिसळलेले असायचे आणि तसं पुडीवर छापलेलं असायचं. नाना असते तर म्हणाले असते, भेसळ केली ती केली, वर सांगून केली. सगळ्यात गंमत मासळीची. चहूकडं समुद्र असलेल्या या बेटावर रेशनला बऱ्याचदा मासळीच यायची नाही, म्हणून तिच्याऐवजी कोंबडी द्यायचे. फळ्यावर लिहिलेलंही तसंच असायचं, ‘मासळीबद्दल कोंबडी’.

आता रांग. दुकानासमोर दहा-पंधरा माणसं होती, पण रांग म्हणावी असं काही दिसेना. कुणी झाडाखाली, कुणी समोरच्या पायरीवर. एक म्हातारी आली आणि मोठ्यानं म्हणाली, "उल्तिमो?" म्हणजे शेवटचा कोण? एकानं हात वर केला. झालं. तो कुणाच्या मागं आहे तेही तिनं विचारून घेतलं आणि ती सावलीत जाऊन बसली. आता नवा येणारा विचारेल तेव्हा हात ती वर करणार. आपला पुढचा कोण एवढं लक्षात ठेवायचं. रांग डोक्यात असते, पायात नसते. आमच्याकडं रॉकेलच्या रांगेत माणसांऐवजी डबे उभे असायचे, दोरीनं एकमेकांना बांधलेले. उन्हात कशाला उभं राहायचं, हे शहाणपण गरज पडली की कुठंही सुचतं.

मी बसलो आणि मला १९७२ आठवलं. दहा वर्षांचा होतो. दुष्काळात अमेरिकेतून मिलो हा ज्वारीचा प्रकार आला, तांबडा, कडवट. त्याच्या भाकरी थापल्या की मोडायच्या. दुकानासमोर बाया पहाटेपासून बसायच्या आणि पोतं फुटायच्या आधी त्यांच्यात भांडण व्हायचं नाही, नंतर व्हायचं. आमची ती तंगी एक-दोन पावसाळ्यांनी सरली. हवानातल्या त्या म्हातारीची साठ वर्षांत सरली नव्हती.

काउंटरवरच्या माणसाचं काम मी बारकाईनं पाहिलं. तांदूळ ओतला, काटा हलला आणि काटा थांबायच्या आत त्यानं पिशवी उचलली. माझी नजर त्याच्या नजरेला भिडली. त्यानं ओळखलं की या परदेशी माणसाला या धंद्यातलं कळतं, आणि तो हसला. मीही हसलो, काय करणार! सरकारी नोकराला तेव्हा महिन्याला सातशे-आठशे पेसो मिळायचे, म्हणजे तीस-बत्तीस डॉलर. आमच्या खोलीचं एका रात्रीचं भाडं जवळपास तेवढंच होतं. म्हणजे मास्तर, इंजिनिअर महिनाभर राबून जे मिळवतील, ते पाहुण्याला पलंग देणाऱ्याच्या हातात एका रात्रीत. समतेसाठी क्रांती केलेल्या देशात हे कसं चालतं, हे मला आठ दिवसांत कुणी पटवून देऊ शकलं नाही. कोप्पेलिया नावाचं १९६६पासूनचं प्रचंड मोठं आइस्क्रीमगृह आहे. तिथंही आम्हाला वेगळ्या बाजूला नेलं, डॉलरच्या तोडीचं चलन देणाऱ्यांच्या. मागं वळून पाहिलं तर स्थानिकांची रांग रस्त्यापर्यंत होती. आइस्क्रीम गोड लागलं नाही.

आमच्या घरमालकीणबाई साठीच्या, एके काळच्या इंजिनिअर. त्या सगळ्यांनाच ‘मी आमोर’ म्हणायच्या, म्हणजे ‘माझ्या लाडक्या’. पहिले दोन दिवस मला वाटलं, बाई मराठीत स्वतःबद्दलच काही सांगताहेत. त्यांचा मुलगा संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बागेत फोन घेऊन बसायचा, कारण इंटरनेट बागेत मिळायचं. सगळी बागच खाली मान घालून बसलेली. आता या तंगीचं. अमेरिकेची नाकेबंदी १९६२पासूनची. सोव्हिएत संघ होता तोवर निभावलं, तो १९९१ला कोसळला तशी उपासमार आली. मी बाईंना विचारलं, दोष कुणाचा? बाई म्हणाल्या, निम्मा त्यांचा, निम्मा आमचा, आणि कुठला निम्मा कुणाचा ते आमच्या घरात मोठ्यानं बोलत नाहीत.

जुन्या मोटारींबद्दल सगळेच प्रवासी लिहितात, म्हणून मी थोडक्यात सांगतो. बाहेरून १९५०च्या दशकातली शेव्हरोलेट, आत कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीचं डिझेल इंजिन, आणि ठरलेल्या रस्त्यावर माणसं कोंबत धावणारी. म्हणजे आपली पैठण रोडची काळी-पिवळी. साखरेचंही तसंच थोडक्यात. १९७०ला क्युबाचा नेता फिडेल कास्त्रोनं एका हंगामात १ कोटी टन साखर काढायची जिद्द धरली, सगळा देश फडात उतरवला, निघाली ८५ लाख टन. आपला महाराष्ट्र बऱ्या हंगामात एकटा त्या कोटीच्या पलीकडं जातो. क्युबाचे जवळपास निम्मे साखर कारखाने २००२ला बंद झाले. आता तो देश बाहेरून साखर आणतो.

पण रेडिओबद्दल मात्र सविस्तर सांगितलंच पाहिजे, कारण आपण रेडिओवरच बोलतोय. बाईंच्या स्वयंपाकघरात दिवसभर एकच केंद्र लागलेलं असायचं, रेडिओ रेलोख, म्हणजे घड्याळ रेडिओ. १ जुलै १९४७ला सुरू झालेलं, आपल्या स्वातंत्र्याच्या दीड महिना आधी. गाणी नाहीत. मागं सेकंदाची टिकटिक, तिच्यावर बातम्या, आणि दर मिनिटाला वेळ सांगून तारेच्या मोर्स लिपीतली कडकट्ट. चोवीस तास! बाई त्यावर भात शिजवायच्या. जिथं बस कधी येईल, तेल कधी येईल याचा पत्ता नाही, तिथं किती वाजले हे मात्र मिनिटाला कळतं.

सिगार वळण्याच्या कारखान्यातली ऐकवायची रीत तर त्याहून जुनी, १८६५ची. कामगार पानं वळत बसलेले असतात आणि एक जण उंच जागी बसून त्यांना मोठ्यानं वाचून दाखवतो, सकाळी वर्तमानपत्र, नंतर कादंबरी. ‘माँटे क्रिस्टो’ ही कादंबरी कामगारांना इतकी आवडली की एका सिगारलाच ते नाव पडलं. वाचनाचंच आणखी एक. १९६१ला लाखभर पोरापोरींनी आणि त्यांच्याबरोबर इतरांनी खेड्यापाड्यांत जाऊन वर्षभरात सात लाख प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवलं. सिगारच्या कारखान्यातली ती रीत ऐकल्यावर मला आपल्याकडच्या विड्या वळणाऱ्या बाया आठवल्या. हजार विड्यांचा हिशेब त्यांच्या बोटांवर असतो, पण त्यांना कुणी कादंबरी वाचून दाखवल्याचं मी ऐकलेलं नाही. क्युबाकडून घ्यायचंच झालं तर मी तो वाचणारा माणूस घेईन.

आम्ही परत आलो. २०२१च्या १ जानेवारीला तिथल्या सरकारनं पेसो आणि ते डॉलरच्या तोडीचं चलन, या दोन चलनांचं एक केलं आणि भाव भडकले. त्याच जुलैत लोक रस्त्यावर आले. २०२४च्या सप्टेंबरात तो ८० ग्रॅमचा पाव ६० ग्रॅमचा झाला, ऑक्टोबरात अख्ख्या देशाची वीज गेली. त्या तीन-चार वर्षांत दहा लाखांवर माणसं देश सोडून गेली. घरमालकीणबाई माझ्या लेकीला अधूनमधून निरोप पाठवतात. बागेत फोन घेऊन बसणारा त्यांचा मुलगा आता फ्लोरिडात असतो.

बाईंच्या लिब्रेतेत मात्र त्याचं नाव अजून आहे. नानांच्या दुकानातल्या कार्डांवरही अशी पुण्या-मुंबईला गेलेली बरीच नावं असायची. नाना ती कधी खोडायचे नाहीत.