उत्सव सर्वांचा, कारखाना कोणाचा?



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत 'लोकोत्सव आणि कलाशाळा' असा छापला आहे. नाव भारदस्त आहे, पण माझ्या तोंडी ते नीट बसत नाही. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. पुढचे शिक्षण झाले ते कामगारांच्या सभांत, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि गावच्या सार्वजनिक वाचनालयात. रंगरेषांचे शास्त्र सांगणारे विद्वान आपल्याला पुष्कळ मिळतील. मी एका गावाविषयी बोलणार आहे. ते गाव पेण, आणि तिथे ज्याला लोक सरळ 'गणपतीचा कारखाना' म्हणतात, तो कारखाना.

पेण हे खाडीकाठचे गाव. भोवती खारेपाट, बांध आणि मिठागरे. अंतोऱ्याच्या बंदरातून एके काळी गलबते मुंबईला जात. मुंबईकरांना पेण ठाऊक असते ते दोन गोष्टींसाठी, पोह्याचे पापड आणि गणपती. शंभराहून अधिक वर्षे तिथे मूर्ती घडताहेत. आता हे काम गावाच्या वेशीत मावत नाही. हमरापूर, जोहे, कळवे या बाजूला गेलात तर घराच्या पडवीत, अंगणातल्या मांडवात, पत्र्याच्या शेडमध्ये, जिकडे पाहावे तिकडे पांढरे गणपती ओळीने बसलेले दिसतील. पुष्कळ मूर्ती बिनरंगाच्याच बाहेरगावी जातात आणि तिथे रंगवल्या जातात. काही रंगून, खोक्यांत बंद होऊन, पावसाळ्याच्या आधीच जहाजाने परदेशी निघतात. म्हणजे आपल्याकडे कोणाला गणपतीची आठवणही नसते, तेव्हा अमेरिकेतल्या मराठी माणसाचा गणपती समुद्रावर असतो.

आता कारखान्यात चला. शाडूची माती कोकणातली नव्हे, ती गुजरातेतून येते. ती मळायची, तिची पोळी करायची, साच्याच्या दोन अंगांत दाबायची, अंगे जुळवायची. आतून मूर्ती पोकळ राहते. हात, सोंड, कान पुष्कळदा वेगळे करून मागाहून बसवतात. मग ओल्या हाताने सांधे लिंपायचे, कोरणीने दागिन्यांची नक्षी उघडायची, आणि मूर्ती सावलीत वाळत ठेवायची. उन्हात ठेवली तर तडकते, दमट हवेत ठेवली तर वाळता वाळत नाही. गणपती येतो भाद्रपदात, आणि त्याच्या आधीचे तीन महिने कोकणात काय असते हे तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा मातीचे काम पावसाच्या आत जितके उरकेल तितके बरे. म्हणून विसर्जन झाले की फार दिवस जात नाहीत. दिवाळीच्या आगेमागे पुढच्या वर्षाच्या कामाला हात लागतो.

प्लास्टर ऑफ पॅरिस आले आणि टिकले ते या हवेमुळे. जिप्सम नावाचा खनिज दगड सुमारे दीडशे अंशांवर भाजला की त्यातले पाऊण पाणी उडून जाते. उरलेल्या भुकटीत पुन्हा पाणी घातले की ती ते पाणी पिऊन अर्ध्या तासाच्या आत दगडासारखी घट्ट होते. भर पावसातही होते. रबराच्या साच्यात ओतले, आत काथ्या भरला, की मूर्ती हलकी आणि मजबूत. ट्रकमधून खड्ड्यांच्या रस्त्याने नेली तरी फुटत नाही. शाडूची मूर्ती मात्र मुंबई-गोवा रस्त्यावर कशी तग धरत असेल हे तो गणरायच जाणे! जो गुण रस्त्यावर उपयोगी, तोच पाण्यात दोष ठरतो. माती पाण्यात विरघळते, प्लास्टर दिवसेंदिवस तसेच पडून राहते. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी चौपाटीवर जो देखावा असतो तो आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याची बाजू मी घेणार नाही.

पण कामगारांचा माणूस म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टरच्या मूर्तींविरुद्ध सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढली ती मे २०२० मध्ये, म्हणजे त्या वर्षीच्या मूर्ती साच्यातून निघून चुकल्यावर. पुढे ती वर्षभर लांबणीवर पडली. त्याच वर्षी ३ जूनला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. त्यातच साथीमुळे सरकारने सार्वजनिक मूर्ती चार फुटांची आणि घरगुती दोन फुटांची असा दंडक घातला. साथ होती, दंडक घालणे भागच होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्याच्या शेडमध्ये त्याहून उंच गणपती तयार उभे होते, त्याने ते कोणाच्या दारात न्यायचे होते?

नंतर २०२५ साल घ्या. जानेवारीअखेर मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कडकपणे अंमलात आणा म्हणून सांगितले. मग राज्य सरकारच्या विनंतीवरून डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने अभ्यास केला. ९ जूनला न्यायालयाने प्लास्टरच्या मूर्ती बनवायला आणि विकायला मोकळीक दिली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जन नाही. २४ जुलैला सहा फुटांहून उंच मूर्तींना नैसर्गिक पाण्यात विसर्जनाची परवानगी मिळाली, लहान मूर्तींसाठी कृत्रिम तलाव. ती परवानगीही मार्च २०२६ पर्यंतचीच होती. त्या वर्षी गणेशचतुर्थी होती २७ ऑगस्टला. म्हणजे शेवटचा निकाल आला तेव्हा चौतीस दिवस उरले होते. मूर्तिकाराचे वर्ष दिवाळीला सुरू होते आणि कायद्याचे वर्ष श्रावणात! या दोन पंचांगांचा मेळ कोणी घालायचा? न्यायालयाने समुद्राचे ऐकले, मंडळांचे ऐकले, मूर्तिकारांच्या संघटनांचेही ऐकले. त्या मूर्तिकाराकडे नगावर रंग देणारी जी बाई आहे, तिचे ऐकायला कोणी नव्हते, कारण कागदावर ती कुठेच नाही.

आता मुद्द्यावर येतो. या कारखान्यांची मौज अशी की त्यांना दोन नावे आहेत. गिऱ्हाईक आले की पाटीवर 'कलाकेंद्र' असते, आणि घरातल्या बोलण्यात 'कारखाना'. १९४८च्या कारखाने कायद्यात विजेवर चालणारी जागा असेल तर दहा माणसे आणि वीज नसेल तर वीस माणसे, अशी रेघ होती. ती रेघ पुढे वर सरकत गेली. बहुतेक कारखाने तिच्या खाली राहतात. जे वर जाऊ शकतील तेही जात नाहीत, कारण काम तीन पडव्यांत वाटून दिलेले असते आणि बायका ते घरीही नेतात. मग कारखाना म्हणावे तर कायदा लागत नाही, आणि कलाकेंद्र म्हणावे तर आत बसलेल्यांना कलावंत म्हणून मान नाही. मजुरी मागितली की तू कलावंत, कलेत तास मोजायचे नसतात. नाव मागितले की तू मजूर, मूर्ती मालकाची.

पेणच्या गणपतीची ख्याती ज्या गोष्टीवर उभी आहे ती म्हणजे डोळ्यांची आखणी. सगळे रंग झाले, पीतांबर झाला, सोनेरी झाले, की शेवटी बारीक कुंचल्याने डोळे उघडायचे. इथे चूक झाली तर सुधारायला वाव नसतो. तो माणूस श्वास रोखून एक रेघ ओढतो आणि कालपर्यंत जी माती होती ती आपल्याकडे बघू लागते. मी नास्तिक का आस्तिक हा प्रश्न इथे सोडून द्या. ती रेघ ओढताना मी पाहिली आहे आणि माझेही बोलणे थांबले आहे. अशा माणसाला मोबदला नगावर मिळतो. हंगामात दिवसरात्र, आणि हंगाम संपला की उचल. उचल पुढच्या हंगामातून कापली जाते. मिठागरात आणि वीटभट्टीवर मी ही पद्धत पुष्कळ पाहिली. तिथे तिला आपण वेठ म्हणतो आणि मोर्चा काढतो. इथे समोर गणपती असल्यामुळे आवाज कमी होतो इतकेच.

माझे काही सोबती म्हणतात की मालकाविरुद्ध झेंडा लावा, बाकी आपोआप होईल. मला हे पटत नाही. हा मालक म्हणजे गिरणीचा शेठ नव्हे. बहुतेक ठिकाणी तो स्वतः साच्यावर बसतो, त्याची बायको रंग देते, मुलगा कॉम्प्रेसरची पिचकारी धरतो. मातीवाल्याचे, रंगवाल्याचे देणे त्याच्या डोक्यावर असते. मोठा व्यापारी वैशाखात भाव ठरवून जातो आणि हिशेब विसर्जनानंतर करतो. न विकलेल्या मूर्ती परत येतात त्या याच्याच दारात. पेणची मोठी नागरी सहकारी बँक २०१० साली कोसळली तेव्हा ठेवीदारांचे पैसे अडकले. सहकार म्हटले की तिथला माणूस अजून दचकतो, आणि त्याला दोष देता येत नाही. तेव्हा भांडण लावायचेच तर ते दर ठरवण्याच्या पद्धतीशी लावा. हंगाम सुरू होण्यापूर्वी, दिवाळीलाच, मळणीचा, जोडणीचा, रंगाचा, आखणीचा दर नगामागे लिहून भिंतीवर लागला पाहिजे. तो भिंतीवर लागला की व्यापाऱ्याशी बोलताना मालकाच्याही हातात काही कागद राहतो.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणेल. त्यांना मी विड्यांचे उदाहरण देतो. विडी कामगार बाईही घरी बसूनच विड्या वळत होती, आणि ती कामगारच नाही असे तिलाही सांगत असत. १९६६ साली विडी व सिगार कामगारांचा कायदा झाला आणि त्यात घरी काम करणारीही कामगार ठरली. १९७६ला तिच्यासाठी कल्याण निधी झाला. पुढे १९९६ला जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी करारही केला, ज्यावर आपल्या देशाने मान्यतेची मोहोर उठवलेली नाही. विडीला जे लाभले ते मूर्तीला का लाभू नये? तंबाखूपेक्षा गणपती काही वाईट नव्हे!

सरकारने अलीकडे काहीच केले नाही असेही नाही. असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी २०२१ मध्ये ई-श्रम आले, २०२३च्या सप्टेंबरात विश्वकर्मा योजना आली, तीत अठरा कारागिरी घेतल्या, कर्ज आणि हत्यारांना मदत ठेवली. पण त्या योजनेत एका कुटुंबातला एकच माणूस बसतो. कारखान्यात बसतात चौघे. मग नाव कोणाचे लागत असेल? माझ्या पाहण्यात तरी ते बाईचे क्वचितच लागते. आणि बाईच्या गरजा फार मोठ्या नाहीत हो. रंगाच्या पिचकारीचा धूर आणि घासलेल्या प्लास्टरची धूळ नाकात जाऊ नये म्हणून चांगली मुखपट्टी, खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा, रात्री काम असेल तर घरी पोचवायला गाडी, आणि एक न्हाणीघर. एका बाईंनी मला सांगितले की हंगामात त्या दुपारनंतर पाणीच पीत नाहीत, कारण जायला जागा नाही. त्या गणपतीचे पितांबर रंगवतात. तुमच्यापैकी एखाद्याच्या घरी त्यांनी रंगवलेला पितांबर येऊनही गेला असेल.

रायगड जिल्ह्यातला माणूस गरीब असेल, मुका नाही. अलिबागेजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ला नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने खोतांविरुद्ध संप केला, तो सुमारे सहा वर्षे चालला. जमीन पड टाकली, लाकडे विकून दिवस काढले, पण नांगर धरला नाही. याच पेण तालुक्यात २००८च्या सप्टेंबरात बावीस गावांनी सेझसाठी जमीन द्यायची की नाही यावर मते टाकली. विचारले की हे लोक बोलतात. मूर्तिकामगाराला अजून कोणी विचारलेले नाही.

आता तुमच्याकडे वळतो. तुमच्यापैकी निम्मे लोक कोणत्या ना कोणत्या मंडळात आहात. सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ साली टिळकांनी वाढीस लावला, तेव्हा घरातला देव रस्त्यावर आणला तो माणसे एकत्र यावीत म्हणून. २०२५ साली सरकारने त्याला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. आनंद आहे. मंडळाचा हिशेब तुम्ही सभेत वाचता: मांडव इतका, रोषणाई इतकी, वाजंत्री इतकी, मूर्ती इतकी. रोषणाईच्या आकड्यावर दोन तास वाद होतो, आणि मूर्तीची ओळ कोणी न थांबता वाचून जातो. त्या ओळीशी थांबा. मूर्ती कोणी घडवली हे विचारा, आखणी कोणाची हे विचारा आणि ते नाव फलकावर लावा. देणगीदारांची नावे लागतात तिथे एक ओळ जागा निघेल. शाडूची हवी असेल तर श्रावणात जाऊन मिळणार नाही. फाल्गुन-चैत्रात सांगा आणि निम्मे पैसे तेव्हाच द्या. ते पैसे मातीला आणि मजुरीला लागतात, व्याजाने काढावे लागत नाहीत. उंचीचा हट्ट कमी केलात तर शाडूत करणेही जमते. दहा फुटांचा गणपती मातीचाही हवा, हलकाही हवा आणि स्वस्तही हवा, असे तिन्ही कोणी देऊ शकणार नाही.

कोकणात जुनी चाल होती, अजूनही काही घरांत आहे: आपला पाट आपण कारखान्यात नेऊन द्यायचा आणि त्याच पाटावर आपली मूर्ती घडवून घ्यायची. पाट द्यायला घरातला माणूस जातो, मूर्ती करणाऱ्याचे तोंड बघतो, त्याच्या पोरांची चौकशी करतो, पाट ओळीत ठेवून परत येतो. मंडळांनीही तसे करावे. चैत्र चालू आहे. पेणला शेडमध्ये या वेळी साचे भरलेले असतात, आणि कामगार दुपारी जेवायला दीडच्या सुमारास उठतात. तेव्हा जाल तर बोलायला सवड मिळेल.