बाजूची जागा कुणाची? गिरण, सर आणि चार दुचाक्या

आज आवाज जरा बसलाय. काल रात्री कराडहून आलो, एसटीची खिडकी शेवटपर्यंत बंद होईना. तेवढं सांभाळून घ्या.

आजचा विषय जागेचा आहे. फ्लॅट घेण्याबिण्याचा नाही, पार्किंगच्या जागेचा. तेही घराच्या आणि दुकानाच्या मधल्या, कुणाचं लक्ष नसलेल्या पट्टीचा. यात मी स्वतः तोंडावर आपटलोय, म्हणून सांगतो. नंतर काही जणांनी मेसेज केले होते, 'आमच्याकडे पण सेम चाललंय', तर हा भाग खास त्यांच्यासाठी.

आमची पिठाची गिरण आहे. बाबांनी १९९४ मध्ये सुरू केली. दळण, भाजणी, उन्हाळ्यात मिरचीकांडप. मी बीटेक करून हिंजवडीत कोड लिहितो, पण फी गेली ती त्या पिठातूनच. गिरणीला लागून एक मोकळी पट्टी आहे, साधारण सात फूट रुंद. पलीकडे शेजाऱ्यांचं घर. शेजारी म्हणजे निवृत्त शिक्षक, मला आठवी-नववीला गणित शिकवलेले. मी त्यांना सर म्हणतो, बाबा मास्तर म्हणतात. नावं सांगत नाही, गाव लहान आहे.

गिऱ्हाईक डबा घेऊन येतं, गाडी त्या पट्टीत लावतं, दळण टाकतं. कुणी थांबतं, कुणी 'येतो हां तासाभरात' म्हणून गाडी तिथंच ठेवून बाजारात जातं. तीस वर्षं असंच चाललं होतं. गेल्या दिवाळीच्या आधी, भाजणीच्या ऐन गर्दीत, सरांनी तिथं साखळी लावली. एका गिऱ्हाइकानं ती काढून गाडी आत घातली. संध्याकाळी बघतो तर गाडीतली हवा गेलेली. कुणी सोडली हे आजपर्यंत सिद्ध झालेलं नाही, पण बाबा रस्त्यावर उभं राहून मास्तरांना नको ते बोलले. मास्तरही काही कमी बोलले नाहीत. पोलिसांना फोन गेला. हवालदार आले, दोघांचं ऐकलं, म्हणाले, 'जागा खाजगी आहे, ही दिवाणी बाब आहे, आपसात मिटवा,' आणि गेले.

इथं पहिली गोष्ट सांगतो, कारण खूप जणांना वाटतं की पोलीस येऊन गाडी उचलून नेतील. टोइंगवाले उचलतात ती सार्वजनिक जागेतली गाडी. मोटार वाहन कायद्यात सार्वजनिक जागा म्हणजे जिथं लोकांना जायचा हक्क आहे ती. तुमच्या अंगणात कुणी गाडी लावली तर ट्रॅफिकवाले सहसा हात लावत नाहीत. गुन्हेगारी अतिक्रमणाचं कलम आहे, भारतीय न्याय संहितेत ३२९ क्रमांकाचं, पण त्यात हेतू दाखवावा लागतो: त्रास द्यायचा, अपमान करायचा, धमकवायचं किंवा गुन्हा करायचा. दळण टाकायला आलेल्या बाईचा काय हेतू दाखवणार? आणि याचीच उलटी बाजू अशी की चिडून तुम्ही कुणाचा टायर फोडलात, तर नुकसान केल्याचा गुन्हा तुमच्यावर. जागा तुमची असली तरी.

तर बाबांचा फोन आला. 'तू शिकलाईस, बघ जरा कायदा. तीस वर्सं वापरतोय आपण, आता ती आपलीच झाली.' मलाही तेच वाटलं. खरं सांगायचं तर मला जिंकायचं होतं. सरांनी नववीत एकदा फळ्यासमोर उभं करून झापलं होतं, ते कुठंतरी राहिलं असणार.

शनिवारी गावी गेलो. ऑफिसात आम्ही आधी लॉग बघतो, मग बग कुणाच्या माथी मारायचा ते ठरवतो. जागेचा लॉग म्हणजे मिळकत पत्रिका, ज्याला आपण प्रॉपर्टी कार्ड म्हणतो. शेतजमिनीला सातबारा असतो, गावठाणात आणि शहरात नगर भूमापन झालेलं असेल तर प्रॉपर्टी कार्ड. महाभूमीच्या साईटवर जिल्हा, कार्यालय, गाव निवडायचं, सिटी सर्व्हे नंबर टाकायचा, फी भरली की डिजिटल सहीचं कार्ड मिळतं. आमचंही काढलं आणि सरांचंही काढलं. हो, शेजाऱ्याचंही काढता येतं, त्यात चोरीछुपं काही नाही.

दोन्ही कार्डांवरची क्षेत्रफळं बघितली, मग टेप घेऊन अंगणात गेलो. आमचं क्षेत्र गिरणीच्या भिंतीपाशी संपत होतं. पट्टीचा एक इंचही आमच्यात बसत नव्हता. मी तीन वेळा मोजलं. बाबा लांबून बघत होते. चौथ्यांदा मोजायला लागलो तेव्हा आत निघून गेले.

मग म्हटलं मालकी नसू दे, वहिवाट तर आहे. गावातल्या एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी जे सांगितलं ते सावकाश सांगतो, कारण 'वीस वर्षं वापरलं की हक्क लागतो' हे वाक्य आपल्याकडे चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. १८८२ चा सुखाधिकारांचा कायदा आहे, इंडियन ईझमेंट्स ॲक्ट. त्याच्या कलम १५ मध्ये वीस वर्षांचा आकडा आहे. पण ती वीस वर्षं वापर शांतपणे, उघडपणे, खंड न पडता आणि मुख्य म्हणजे हक्क म्हणून झालेला पाहिजे. मालकाच्या मेहरबानीवर नाही.

त्यांनी मला एकच विचारलं, 'सुरुवातीला कुणाला विचारून लावायला लागलात?' मी बाबांना फोन लावला. बाबा म्हणाले, 'मास्तरांचे वडील होते तेव्हा, आबा. तेच म्हणाले होते, लावू देत रं, आपलीच जागा हाय. म्हणून तर दर दिवाळीला आपण त्यांच्याकडं भाजणीचा डबा देतो.'

फोन स्पीकरवर होता. वकीलबाई हसल्या. म्हणाल्या, 'तुमच्या वडिलांनी आत्ता तुमची केस संपवली.' परवानगी मागून वापरलं की ते लायसन्स होतं, कलम ५२. आणि दिलेली परवानगी मालक काढून घेऊ शकतो, कलम ६०. त्याला दोन अपवाद आहेत. एक म्हणजे परवानगीसोबत मिळकतीचं हस्तांतरणही झालेलं असेल तर. दुसरा म्हणजे त्या परवानगीच्या भरवशावर तुम्ही खर्च करून कायमस्वरूपी काम केलेलं असेल तर. आम्ही तिथं काय केलं होतं? एक सिमेंटची कुंडी ठेवली होती.

मी आणखी एक मुद्दा काढला. सरांच्या मुलीच्या लग्नात त्या पट्टीत चार दिवस मांडव होता, मग तो खंड धरतात का? म्हणाल्या, नाही, अडवणूक झाली आणि ती वर्षभर निमूट सोसली तरच कायद्यात खंड. म्हणजे त्या मुद्द्यावर आम्ही जिंकलो असतो! पण तोवर भाजणीच्या डब्यात हरलो होतो.

मी घरी आलो आणि शहाणपणा केला. बाबांना म्हटलं, सरकारी मोजणी मागवू, एकदाच काय ते होऊ दे. हद्द कायम मोजणीचा अर्ज भूमी अभिलेखकडे केला, लगतदारांना नोटिसा गेल्या. काही आठवड्यांनी भूकरमापक आले. हल्ली शंकू-साखळी नसते, उंच काठीवर रोव्हर घेऊन येतात, उपग्रहावरून बिंदू घेतात. मी खूश, आपल्या लाईनमधलं काम. त्यांनी खुणा करून दिल्या. पट्टी सरांची, हे पक्कं झालं.

पण त्याच दिवशी मी बाबांच्या लोखंडी ट्रंकेतून गिरणीच्या बांधकाम परवान्याचा नकाशा काढला होता. त्यात गिरणीच्या पुढं रस्त्यापर्यंत सामासिक अंतर सोडलेलं दाखवलंय, आणि त्यातच दुचाक्या उभ्या करायची जागा आखलेली. आज तिथं काय आहे? पत्र्याची शेड आणि ओटा. बाबांनी २०११ मध्ये बांधली, पोती ठेवायला. एका दुचाकीला साधारण एक मीटर बाय दोन मीटर जागा लागते. त्या शेडखाली चार गाड्या आरामात बसल्या असत्या. म्हणजे आमच्या गिऱ्हाइकांचं पार्किंग होतं, ते आम्हीच पोत्यांखाली गाडलं आणि चौदा वर्षं सरांच्या अंगणातून भरून घेतलं.

मी हे बाबांना दाखवलं. ते काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसला, नकाशा घडी करून ट्रंकेत ठेवला.

संध्याकाळी मी एकटाच सरांकडे गेलो. सरांनी दार उघडलं, 'ये' म्हणाले नाहीत, पण बाजूला झाले. काकू आत पलंगावर होत्या. गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीच्या महिनाभर आधी झालेलं. मला माहीत होतं, फोनवर आईनं सांगितलं होतं, मी 'अरे बापरे' म्हणून कॉलवर गेलो होतो. सर म्हणाले, 'फाटकाला चिकटून गाड्या लागतात. काकू वॉकर आडवा धरून, भिंतीला घासत बाहेर पडते. तुझ्या बाबांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, गिऱ्हाइकाला कसं बोलू.' मी विचारलं, 'सर, हवा तुम्ही सोडली?' माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, 'बस. चहा घेतोस?'

उत्तर मिळालं नाही ते नाहीच.

पुढचं पटकन सांगतो. शेड अर्धी काढली, पोती आत गेली, पुढं तीन गाड्या मावतात. गर्दीच्या वेळेसाठी सरांनी पट्टी द्यायचं मान्य केलं: चारच दुचाक्या, फाटकापासून पाच फूट मोकळे, रात्री आठनंतर काही नाही. हे वकीलबाईंकडून लिहून घेतलं. माझा हट्ट होता, कारण आबा आणि बाबांमधलं बोलणं तोंडी होतं आणि भांडण तिथूनच उगवलं. कागदात एक ओळ आहे: ही परवानगी आहे, यातून कोणताही हक्क निर्माण होत नाही, आणि एक महिना आधी सांगून ती रद्द करता येईल.

त्या ओळीवर बाबा अडले. तीन आठवडे सही केली नाही. मी पुण्यातून रोज फोन करायचो, ते पावसाबद्दल बोलायचे. फेब्रुवारीत पाऊस! शेवटी आई म्हणाली, 'ती ओळ म्हणजे तुमचा अपमान नाही, मास्तरांची झोप आहे.' दुसऱ्या दिवशी सही झाली.

नसतं मिटलं तर काय? दावा, तात्पुरता मनाई हुकूम, तारखा. त्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे दावापूर्व अर्ज करून लोकअदालतीत जाता येतं. तिथं तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. शेजारी राहायचंच असेल तर हा रस्ता आधी बघा.

आणि दुकानासमोरच्या सार्वजनिक रस्त्यावर 'फक्त ग्राहकांसाठी' असं ऑइलपेंटनं लिहिणाऱ्यांनो, तो रस्ता तुमचा नाही, कुंड्या ठेवल्या तरी नाही. सोसायटीवाले विचारतील म्हणून: मोफाखाली बिल्डर स्टिल्टमधलं पार्किंग वेगळं विकू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच पांचाली सोसायटीच्या प्रकरणात सांगितलंय. रेरानंतरचे नियम वेगळे आहेत, तो पूर्ण भाग होईल, पुन्हा कधीतरी.

काल निघताना मिरचीकांडपाची गर्दी होती. पट्टीत पाचवी गाडी शिरत होती. बाबा पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आले आणि त्या माणसाला म्हणाले, 'दादा, हितं नको, मास्तरांची जागा हाय.' सर फाटकात उभे होते. म्हणाले, 'लावू दे रे आजच्या दिवस.' बाबा म्हणाले, 'नको. कागदात चार हायेत.'

चला, माझी घसा शेकायची वेळ झाली. पुढच्या रविवारी भेटू.