खमीर



ख्रिस्ती माणसाची धर्मातली समज कशी वाढते, यावर मी बोलावे असे चिटणीसबाईंनी सुचविले. खरे म्हणजे पाळकसाहेब यावर अधिक चांगले बोलले असते. परंतु आपल्या मंडळात बहुतेक भगिनी हिंदू, काही मुसलमान. तेव्हा चुलीपाशी बोलतो तसे कुणी बोलावे, म्हणून मला उभे केले असावे.

माझा बाप्तिस्मा मी पाळण्यात असतानाच झाला. संडेस्कूलात वचने पाठ केली, बक्षिसे मिळविली. त्यामुळे आपल्याला धर्म कळला आहे, असे मी पुष्कळ वर्षे धरून चालले होते. तो गैरसमज लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या पुस्तकाने मोडला.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. शाळा अशी त्यांना ठाऊकच नव्हती. लहानपणीच त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक कवी आणि मनस्वी गृहस्थ. आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातले डोंगरावरील प्रवचन वाचून ते भारून गेले आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. कडक सोवळ्यात वाढलेली बाई. नवरा जातीबाहेर गेला! काही वर्षे त्या नातलगांकडे राहिल्या. पुढे पतीकडे परतल्या, तरी सोवळे सुटले नाही. आपले पाणी निराळे, स्वयंपाक निराळा.

मग एके दिवशी त्या एकट्याच विचार करीत बसल्या. माणसांत हा उच्चनीचपणा देवाने घातला की माणसाने? देवाने घातला असे काही त्यांच्या मनाला पटेना. तेव्हा त्यांनी शिवाशिव सोडली ती सोडलीच. भगिनींनो, ही गोष्ट त्यांच्या बाप्तिस्म्याच्या आधीची आहे. बाप्तिस्मा झाला १९०० साली. पुढे दुष्काळातली पोरकी मुले या जोडप्याने घरात घेतली, आणि १९१९ साली टिळक वारल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' याच न शिकलेल्या बाईने पुरे केले.

हे वाचून मी पुस्तक मिटले आणि माझी नजर परसातल्या कोनाड्याकडे गेली. तिथे कान तुटलेला एक कप पालथा घातलेला असे. मिरचीचा हंगाम आला की देठ खुडायला एक मावशी आमच्याकडे येतात. त्यांचा चहा त्या कपात. मला हे कुणी शिकविले? कुणीच नाही. सासरी तसेच होते, शेजारीपाजारी तसेच होते, म्हणून मीही करीत आले. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्म्याआधी जे टाकले, ते मी बाप्तिस्म्यानंतर चाळीस वर्षे सांभाळून ठेवले होते. आणि दर रविवारी पहिल्या बाकावर बसून गाणी म्हणत होते.

प्रभू येशूने देवाच्या राज्याला खमिराची उपमा दिली आहे. एका बाईने थोडेसे खमीर पुष्कळ पिठात मिसळले आणि सगळे पीठ फुगून आले. आपल्याकडे तेलंगणाच्या शेजाराने इडलीचे पीठ घरोघर आंबते, तेव्हा तुम्हाला ठाऊकच आहे : रात्री झाकून ठेवले की सकाळी वर येते, मात्र थंडीत भांडे गरम जागी ठेवावे लागते. मी वचने पाठ केली खरी, पण भांडे थंड जागीच राहिले. वचन तोंडात होते, ते कोनाड्यापर्यंत गेलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी तो कप टाकून दिला आणि मावशींना घरच्या कपबशीत चहा दिला. मला वाटले, त्या संतोषतील. त्या तर घाबरल्याच! "बाई, माझा कप कुठं गेला? माझं काही चुकलं का?" म्हणाल्या. मला काय उत्तर द्यावे सुचेना. त्यांनी तो चहा उभ्यानेच घेतला आणि बशी तीनतीनदा विसळून ठेवली. माझ्या घरच्यांनाही हे लगेच रुचले नाही. चार दिवस अबोला झाला, ते सांगत बसत नाही.

या गोष्टीला आता तीन हंगाम झाले. पहिल्या वर्षी मावशी उंबऱ्याबाहेरच बसत. दुसऱ्या वर्षी ओसरीवर बसू लागल्या. यंदा आत चुलीजवळ येऊन बसतात, नातवाच्या शाळेचे सांगतात. कपबशी मात्र अजून स्वतःच विसळतात. मी घ्यायला हात पुढे केला की त्या आपला हात मागे घेतात.